स्वमग्नतेची जैविक कारणमीमांसा : परळ आणि कोपरी यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१

वैद्यकाच्या इतिहासात काही प्रश्न असे आढळतात की त्यांची उत्तरे पुनःपुन्हा बदलतात. पण प्रश्नामागील वृत्ती मात्र बराच काळ तशीच राहते. स्वमग्नतेच्या कारणाचा प्रश्न हा अशांपैकी एक होय. मूल दोन-अडीच वर्षांचे झाले तरी हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही. बोलू लागलेच तर ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारते. एकच खेळ तासन्‌तास खेळते आणि नित्यक्रमात थोडा पालट झाला तरी व्याकूळ होते. अशा मुलाविषयी ‘हे कशामुळे झाले?’ असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ‘हे कोणामुळे झाले?’ हा प्रश्न असतो. गेल्या ऐंशी वर्षांतील संशोधनाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी दिले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे समाजमनावरील वजन मात्र त्या मानाने फारच थोडे कमी झाले आहे.

स्वमग्नतेची आजची जैविक कारणमीमांसा दोन शास्त्रांवर उभी आहे. एक मेंदूतील रसायनांचे शास्त्र आणि दुसरे मानवी आनुवंशिकीचे. या दोन्ही शास्त्रांच्या उभारणीत मुंबईतील परळ या वैद्यकीय केंद्राने १९४९ ते १९५२ या अवघ्या तीन-चार वर्षांत महत्त्वाची भर घातली. परळपासून लोहमार्गाने तासाभराच्या आत गाठता येणाऱ्या ठाण्याच्या कोपरीसारख्या वस्तीतील स्वमग्न मूल मात्र त्या काळी यांपैकी कोणत्याही शास्त्राच्या दृष्टिपथात आले नाही. ते का आले नाही, आणि पुढे आले तेव्हा काय पालटले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

कोपरी हे ठाणे स्थानकाच्या पूर्वेस, लोहमार्ग आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले जुने गाव. शेजारी चेंदणीचा कोळीवाडा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावू लागली आणि गावाच्या पश्चिम अंगास लोहमार्ग कायमचा आला. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत येथे उभी राहिली आणि आगरी-कोळ्यांच्या मूळ वस्तीस निराळे वळण लागले. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका स्थापन झाल्यानंतर हा भाग पूर्णपणे नागरी झाला.

लोहमार्गाच्या पलीकडे, पश्चिमेस, ठाण्याचे मनोरुग्णालय आहे. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने ठाण्याच्या नावाला मराठी भाषेत एक वेगळाच अर्थ मिळवून दिला. येरवड्याप्रमाणेच ‘ठाण्याला पाठवणे’ हा बोलीतील टोमणा होऊन बसला. चमत्कारिक वागणाऱ्या मुलाविषयी कोपरीतील घरात पहिली भीती उत्पन्न होई ती या शेजाराची. ती भीती अगदीच निराधार होती असेही नाही. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्यात ‘वेडा’ या संज्ञेच्या व्याख्येतच जन्मजात मतिमंद व्यक्तीचा समावेश केलेला होता. प्रौढ वयात ज्याचे मन बिघडले तो आणि जन्मापासूनच ज्याची वाढ निराळ्या रीतीने झाली तो, हे दोघे कायद्याच्या दृष्टीने एकाच नावाचे धनी होते. ही गल्लत १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दूर केली. तो कायदा अमलात येण्यास १९९३ साल उजाडावे लागले.

कायद्याप्रमाणे व्यवहारातील भाषेतही या मुलासाठी स्वतंत्र शब्द नव्हता. वेडा, खुळा, मुका, मंदबुद्धी या शब्दांपैकी एखादा त्याच्या वाट्यास येई. मराठी समाजाने चमत्कारिक वर्तनाला नेहमीच तुच्छ लेखले असे म्हणता येणार नाही. महानुभाव वाङ्मयातील ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंच्या लीळा पाहिल्या म्हणजे, लोकविलक्षण वागणाऱ्या पुरुषाला ईश्वरपण बहाल करणारी दृष्टीही याच समाजात होती, हे ध्यानात येते. तथापि अशा प्राचीन व्यक्तींना आजची निदाने चिकटविणे हे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, परंपरेत या वर्तनाला देवत्व किंवा वेड अशी दोनच टोकाची स्थाने उपलब्ध होती. मधले, साध्या माणसाचे स्थान नव्हते.

‘स्वमग्नता’ हा शब्द मराठीत अलीकडे रूढ झाला. त्याच्या घडणीतही इतिहास दडलेला आहे. स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी, ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ ही संज्ञा बनविली. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण बाह्य जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्या कल्पनासृष्टीत गढून जातो, ते वर्णन करण्यासाठी ही संज्ञा होती. मराठी प्रतिशब्द मूळ संज्ञेशी प्रामाणिक आहे. परंतु त्याबरोबर मूळची कल्पनाही मराठीत आली. मग्न होणे ही क्रिया आहे, आणि क्रियेला हेतू असतो. मूल जगापासून दूर गेले असेल तर ते कशाला तरी कंटाळून गेले असले पाहिजे, असे अनुमान या शब्दातून सहज निघते. पुढे नेमके हेच अनुमान काढले गेले.

३

बॉल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत आठ मुलगे व तीन मुली होत्या. १९४४ मध्ये व्हिएन्ना येथे हान्स आस्पेर्गर यांनी काहीशा सौम्य स्वरूपाच्या मुलांचे वर्णन केले. या दोघांच्याही आधी, १९२५ च्या सुमारास, मॉस्कोमधील ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच मुलांची बारकाईने नोंद केली होती. पण ती बराच काळ दुर्लक्षित राहिली. कॅनर यांच्या पहिल्या निबंधाचा निष्कर्ष जैविक होता, ही गोष्ट पुढे बहुतेकांच्या विस्मरणात गेली. इतरांशी भावनिक नाते जोडण्याची क्षमता ही मुले जन्मतःच कमी घेऊन येतात, असे त्यांनी मानले होते. परंतु त्याच निबंधात, या मुलांच्या आईबापांत जिव्हाळ्याने वागणारे थोडेच आहेत, अशीही नोंद होती. १९४९ मध्ये खुद्द कॅनर यांनीच त्या नोंदीला अधिक वजन दिले आणि घरातील भावनिक गारठ्याला शीतकपाटाची उपमा दिली. शिकागोमधील ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने ‘थंड काळजाच्या आई’ची कल्पना सामान्य वाचकापर्यंत नेली. कॅनर यांनी १९६९ मध्ये पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. पण तोवर एक संपूर्ण पिढी त्या आरोपाखाली वाढली होती.

मुंबईत बालमार्गदर्शनाचे कार्य याच सुमारास आकार घेत होते. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय १९३६ मध्ये सुरू झाले आणि त्याला जोडून १९३७ मध्ये भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र निघाले. १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने मतिमंद मुलांसाठी शाळा काढली; तीच पुढे जय वकील शाळा म्हणून प्रसिद्धीस आली. या दोन्ही संस्थांचे कार्य मोलाचे आहे. पण अमेरिकेतील ज्या चळवळीवरून बालमार्गदर्शनाची कल्पना आली, तिचा भर मुलाच्या मेंदूपेक्षा मुलाच्या घरावर, आणि घरात विशेषतः आईवर होता.

ही विचारसरणी येथे रुजण्यास जमीन आधीच तयार होती. मराठी घरात गर्भिणीवरील निर्बंधांची परंपरा जुनी आहे. ग्रहणात चिरू नये, कापू नये. डोहाळे अपुरे राहू नयेत. मन प्रसन्न असावे. अभिमन्यूने सुभद्रेच्या उदरात चक्रव्यूहाची कथा ऐकली आणि ती झोपी गेल्यामुळे तिचा शेवट त्याला कळला नाही, ही लोकप्रिय कथा गर्भावर आईच्या वर्तनाचा संस्कार होतो, हेच शिकविते. तेथेही अपुऱ्या ज्ञानाचे खापर आईच्या निद्रेवर फुटते. परदेशातील मनोविश्लेषण आणि घरातील आजीबाई यांच्या बाकीच्या समजुती निराळ्या असल्या तरी, दोष कोणाकडे पाहावयाचा याविषयी त्यांचे एकमत होते.

४

मेंदूच्या रसायनशास्त्राला परळने दिलेली देणगी एका वनस्पतीच्या मार्गाने गेली. सर्पगंधा ही कोकणच्या रानांतही आढळणारी वनस्पती. तिच्या मुळीचा उपयोग निद्रानाश, उन्माद व सर्पदंश यांवर परंपरेने होत असे. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्यात उन्माद आणि रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाची माहिती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी सिद्दिकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली. तथापि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले ते परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ मधील निबंधामुळे. ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात त्यांनी उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या चिकित्सेचा पद्धतशीर वृत्तांत दिला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील मुख्य द्रव्य, रिसर्पिन, वेगळे केले. १९५३ मध्ये अहमदाबादचे डॉ. हकीम यांनी मनोरुग्णांवरील तिच्या उपयोगाविषयी केलेल्या निवेदनाची वार्ता न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आली आणि त्यावरून नेथन क्लाइन यांनी अमेरिकेत तिचे प्रयोग केले. १९५७ च्या लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन हे दोघेही होते.

येथवरचा भाग औषधशास्त्राच्या इतिहासात सुपरिचित आहे. स्वमग्नतेशी त्याचा संबंध पुढे येतो. सेरोटोनिन हे द्रव्य १९४८ मध्ये रक्तरसातून वेगळे केले गेले होते आणि १९५३ मध्ये ते मेंदूतही असल्याचे आढळले. १९५५ मध्ये अमेरिकेतील ब्रोडी व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, रिसर्पिन दिले असता मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो. मज्जापेशी आपले संदेशवाहक द्रव्य सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवतात. रिसर्पिन त्या पिशव्या भरण्याची क्रियाच बंद पाडते. मनःस्थितीत पालट घडविणारे औषध मेंदूतील एका निश्चित द्रव्याचे प्रमाण पालटते, हे यातून सिद्ध झाले. मनाच्या व्यापारांना रासायनिक आधार आहे, हा विचार तत्त्वचर्चेतून प्रयोगशाळेत आला तो मुख्यतः या काळात, आणि त्यात सर्पगंधेचा वाटा फार मोठा आहे.

याच प्रवाहात १९६१ मध्ये रिचर्ड शेन आणि डॅनियल फ्रीडमन यांनी स्वमग्न मुलांच्या रक्तातील सेरोटोनिन मोजले. काही मुलांत त्याचे प्रमाण पुष्कळच अधिक भरले. पुढील साठ वर्षांत अनेक ठिकाणी या निष्कर्षाचा पडताळा आला असून, साधारणपणे चार स्वमग्न मुलांपैकी एकात ही वाढ आढळते. स्वमग्नतेच्या संदर्भात सापडलेली ही पहिली जैविक खूण होय. बेटेलहाइम यांचा ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या सहा वर्षे आधी ती उपलब्ध होती, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे.

या खुणेचा अर्थ लावणे मात्र सोपे नव्हते. रक्तातील सेरोटोनिन जवळजवळ सर्व प्लेटलेटमध्ये साठविलेले असते आणि ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. म्हणून रक्तात ते अधिक आहे यावरून मेंदूतही ते अधिक असेल, असे अनुमान निघत नाही. हा विवेक न पाळल्याचे परिणाम लवकरच दिसले. सेरोटोनिन कमी करणारे फेनफ्लुरामिन हे औषध १९८२ मध्ये तीन मुलांवरील अनुभवाच्या आधारे गाजले. मोठ्या चाचण्यांत त्याचा टिकाऊ लाभ दिसला नाही आणि १९९७ मध्ये हृदयाच्या झडपांवरील दुष्परिणामांमुळे ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावे लागले. १९९८ मध्ये सिक्रेटिन या आतड्यातील संप्रेरकाचा बोलबाला झाला. १९९९ च्या नियंत्रित चाचणीत ते साध्या पाण्याच्या सुईहून सरस ठरले नाही. २०२१ मध्ये ऑक्सिटोसिनच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्षही असाच निराशाजनक निघाला. एका द्रव्याची वाढ अथवा घट शोधावी आणि ते द्रव्य पूर्ववत करावे, ही रक्तदाबाच्या चिकित्सेतून आलेली कल्पना येथे अपुरी पडली.

५

आनुवंशिकीचा प्रवाहही परळमधूनच वाहत होता. टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात काम करणारे संघवी व वसंत रामजी खानोलकर यांनी १९४९ मध्ये मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच शहरात, एकाच हवापाण्यात राहणारे गट केवळ विवाहाच्या मर्यादांमुळे जनुकांच्या दृष्टीने कसे वेगळे राहतात, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ नियतकालिकात रक्तगटाचा एक नवा प्रकार जाहीर केला. तो जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट या नावाने ओळखला जातो. आईबाप दोघेही वरकरणी सामान्य असताना, दोघांकडून एकेक अप्रभावी जनुक आल्यामुळे मुलात विलक्षण लक्षण प्रकट होऊ शकते, याचे ते उत्तम उदाहरण आहे. १९५३ मध्ये इरावती कर्वे यांचा भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी विवाह अनेक जातींत संमत आहे, याची पद्धतशीर चर्चा त्यात आढळते.

अशा रीतीने १९५३ च्या सुमारास रासायनिक दृष्टी, आनुवंशिक दृष्टी आणि विवाहसंबंधांचे सामाजिक ज्ञान, ही तिन्ही मुंबई-पुणे परिसरात सिद्ध होती. बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयही परळमध्येच १९२९ पासून चालू होते. तरीही स्वमग्न मुलाचा विचार या दृष्टींनी झाला नाही. इतरत्रही तो फार आधी झाला असे नाही. रासायनिक दृष्टीला १९६१ पर्यंत आणि आनुवंशिक दृष्टीला १९७७ पर्यंत थांबावे लागले. म्हणून यात मुंबईतील संशोधकांना बोल लावण्याचे कारण नाही.

खरे कारण वर्गीकरणात आहे. कोपरीतील मूल बोलत नसेल तर ते मुक्यांत गणले जाई. शिकत नसेल तर मतिमंदांत. अनावर होत असेल तर वेड्यांत. स्वतंत्र नावाअभावी ही मुले एका ठिकाणी मोजली गेली नाहीत, आणि ज्यांची मोजणी नाही त्यांचे रक्त तपासण्याचा अथवा वंशवृक्ष मांडण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. दुसरे कारण आनुवंशिकतेच्या तत्कालीन प्रतिमेत आहे. ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये आपल्या इंग्रजी ग्रंथातून सुप्रजाजननाच्या चळवळीचा पुरस्कार केला होता. महाराष्ट्रातील सुशिक्षितांना या विषयाची ओळख बव्हंशी या मार्गाने झाली. जर्मनीतील नाझी राजवटीत वंशशुद्धीच्या नावाखाली अपंग मुलांची हत्या झाली, तेव्हा या विचारातील धोका उघड झाला. महायुद्धानंतर मानसिक व्यंगाविषयी आनुवंशिकतेचे नाव काढणे बऱ्याच विद्वानांना अप्रशस्त वाटू लागले आणि संगोपनाच्या उपपत्तीला त्यामुळे मोकळे रान मिळाले. कुळाला वाचविण्याच्या या सद्‌हेतूत आई मात्र एकटी पडली.

६

१९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, उपलब्ध पुरावा तपासून संगोपनाची उपपत्ती निराधार असल्याचे दाखविले. निर्णायक पुरावा १९७७ मध्ये आला. लंडनमध्ये सुसान फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास केला. ११ एकबीज जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती; १० द्विबीज जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांची आई एकच, घर एकच. फरक केवळ समान जनुकांच्या प्रमाणाचा. आईच्या मायेवर स्वमग्नता अवलंबून असती तर हा भेद दिसावयास नको होता. २०१९ मध्ये पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात स्वमग्नतेतील आनुवंशिक वाटा सुमारे ८० टक्के भरला.

ही जनुके कोणती, याचा शोध आधी विरळ विकारांच्या वाटेने लागला. कॅनर यांच्या निबंधाच्याच वर्षी, १९४३ मध्ये, मार्टिन व बेल यांनी एका इंग्रज कुटुंबातील पुरुषांत उतरणाऱ्या मतिमंदत्वाचे वर्णन केले होते. तोच भंगुर-क्ष विकार. १९९१ मध्ये त्याचे जनुक सापडले आणि स्वमग्नतेच्या ज्ञात एकजनुकीय कारणांत ते प्रमुख ठरले. १९९९ मध्ये रेट विकाराचे, २००३ मध्ये न्यूरोलिजिन या प्रथिनांचे आणि २००७ मध्ये शँक-३ या प्रथिनाचे जनुक स्वमग्नतेशी जोडले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा जनुकांची संख्या १०२ झाली.

या यादीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यातील पुष्कळ जनुके दोन मज्जापेशींमधील संधीची रचना आणि कार्य यांच्याशी संबद्ध आहेत. इतर पुष्कळ जनुके गर्भावस्थेत अन्य जनुकांचे नियमन करतात. न्यूरोलिजिन संधीच्या दोन्ही काठांना जोडून धरते. शँक-३ ग्रहण करणाऱ्या काठाची बैठक घडविते. अशा प्रकारे आनुवंशिकी आणि रसायनशास्त्र हे दोन प्रवाह मज्जापेशींच्या संधीत येऊन मिळाले. २००३ मध्ये रुबेन्स्टाइन व मर्झेनिच यांनी मांडलेली उपपत्ती याच अंगाने जाते. मेंदूत उत्तेजन देणारे मुख्य द्रव्य ग्लुटामेट आणि शमन करणारे मुख्य द्रव्य गाबा. या दोहोंच्या परिणामांतील तोल जडणघडणीच्या काळात वेगळा बसला, तर साधे आवाजही असह्य होतात आणि गर्दीतून हवा तो आवाज वेगळा काढणे दुष्कर होते, असे तिच्या आधारे समजते. ही उपपत्ती अद्याप पूर्णपणे सिद्ध झालेली नाही. परंतु एका द्रव्याची पातळी पूर्ववत करण्याचे उपाय का फसले, याचा उलगडा या संशोधनातून होतो. भेद साठ्यात नसून गर्भावस्थेपासून घडत आलेल्या जोडणीत आहे. मूल जगाकडे पाठ फिरवून बसलेले नसते. जग त्याच्यापर्यंत निराळ्या रीतीने पोहोचते.

७

आनुवंशिकतेचे हे ज्ञान मराठी समाजात पोहोचते तेव्हा त्याचे भाषांतर सहजच ‘कुळाचा दोष’ असे होते. आरोप आईवरून उठतो आणि माहेरावर अथवा सासरवर बसतो. त्याची किंमत मोजतात ती मुलाची भावंडे. बहिणीचे लग्न जमविताना भावाचे अस्तित्व झाकून ठेवण्याचे प्रसंग समाजात अपरिचित नाहीत. म्हणून आनुवंशिक म्हणजे वंशपरंपरेने उतरलेले, हे समीकरण तपासून पाहणे अगत्याचे आहे.

२००७ पासूनच्या संशोधनाने दाखवून दिले की, तीव्र परिणाम करणारी पुष्कळ उत्परिवर्तने आईत नसतात आणि बापातही नसतात. बीजपेशी तयार होताना ती प्रथमच घडतात. २०१२ मधील आइसलँडच्या अभ्यासानुसार पित्याच्या वयाच्या प्रत्येक वाढत्या वर्षागणिक अपत्यात अशी सुमारे दोन नवी उत्परिवर्तने अधिक येतात. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. हे घडणे कोणाच्या आचरणावर अवलंबून नाही. सर्व मानवजातीत ते अखंड चालू आहे. दुसरीकडे, आनुवंशिक वाट्याचा मोठा भाग शेकडो सामान्य जनुकभेदांचा असतो. त्या प्रत्येकाचा परिणाम अल्प असतो आणि ते कमीअधिक प्रमाणात प्रत्येकाच्या ठायी असतात. निश्चित जनुकीय कारण हाती लागते असे रुग्ण आजही पाचांत एक किंवा त्याहून कमीच आहेत.

याचा अर्थ कुटुंबाचा काहीच संबंध नाही, असा घेणेही अयोग्य ठरेल. एक मूल स्वमग्न असेल तर धाकट्या भावंडात स्वमग्नता आढळण्याचे प्रमाण अलीकडील अभ्यासांत पाचांत एक इतके दिसते. २००८ मध्ये, नात्यात विवाह झालेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून काही अप्रभावी जनुके पुढे आली. इरावती कर्वे यांनी वर्णिलेली विवाहपद्धती आणि भेंडे यांच्या रक्तगटाचे गणित येथे एकत्र येतात. तथापि बहुसंख्य स्वमग्न मुलांचे आईबाप एकमेकांचे नातलग नसतात. ज्ञानाचा उपयोग सल्ल्यासाठी व्हावा, शिक्षेसाठी नव्हे, हा विवेक येथे पाळावा लागतो.

आईवरील आरोपही वेष पालटून परत येत असतो. १९९८ मध्ये लसीला दोष देणारा निबंध प्रसिद्ध झाला; २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला, पण मुलाला लस टोचून आणणाऱ्या आईच्या मनातील सल त्यामुळे गेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या शासनाने गर्भावस्थेत घेतलेल्या पॅरासिटामॉलकडे बोट दाखविले. स्वीडनमधील सुमारे पंचवीस लाख मुलांच्या २०२४ च्या अभ्यासात, एकाच आईच्या भावंडांची तुलना केली असता, असा संबंध आढळला नव्हता. ग्रहणातील सुरी आणि तापावरील गोळी यांत वस्तू निराळी असली तरी साक्षीला बोलावले जाते ती आईच.

८

जैविक कारणमीमांसेचा प्रत्यक्ष लाभ औषधाच्या रूपाने अद्याप फारसा पदरात पडलेला नाही. तो पडला आहे वर्गीकरणाच्या रूपाने. १९९५ च्या अपंग व्यक्तिविषयक कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम स्वतंत्र नाव दिले. २००९ मध्ये सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने चाळीस कलमांची भारतीय मापनश्रेणी तयार केली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश केला. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी सुमारे चार हजार मुले तपासणाऱ्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभरात साधारण एक मूल स्वमग्न आढळले. ज्यांची मोजणीच नव्हती ती मुले अशा रीतीने अखेर आकड्यांत आली.

या इतिहासाचा एक टप्पा ठाणे जिल्ह्यातच घडला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून तो स्वतंत्र जिल्हा झाला. अंगणवाड्या आणि शाळा यांतून शून्य ते अठरा वर्षे वयाच्या मुलांची तपासणी करण्याच्या या योजनेतील तीस विकारांत स्वमग्नतेची नोंद आहे. ठाणे शहरात १९९० पासून मानसिक आरोग्याचे कार्य करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेनेही मनोरुग्णालयाच्या भिंतीबाहेर या विषयावर बोलण्याची सवय लोकांना लावली आहे.

१९१२ च्या कायद्याखाली ज्या मुलाची गणना लोहमार्गापलीकडील रुग्णालयाच्या हद्दीत झाली असती, त्याची गणना आज अंगणवाडीच्या तपासणीत होते. हा पालट घडविण्यास सर्पगंधेच्या मुळीपासून जुळ्यांच्या जोड्यांपर्यंत अनेकांचे श्रम कारणी लागले. त्यांचा एकत्रित निष्कर्ष असा की, स्वमग्नतेला कारणे आहेत, पण गुन्हेगार नाही. कोपरीतील आई जेव्हा आपल्या अबोल मुलाला तपासणीसाठी घेऊन जाते, तेव्हा तिला विचारावयाचा प्रश्न ‘गरोदरपणी काय केले?’ हा नसून, मूल कोणत्या आवाजाने घाबरते, कोणत्या खेळात रमते आणि आपली गरज कोणत्या खुणेने सांगते, हा होय. पहिल्या प्रश्नाने मुलाच्या वाट्यास काहीच येत नाही. दुसऱ्यापासून त्याचे शिक्षण सुरू होते.